काचेची एक बाजू

चमचा तोंडापाशी आला असताना द्वारकाबाईंनी मान फिरवली आणि म्हणाल्या, "तनू, बोकड्याचं पोट खपाटीला गेलंय."

तनुजाच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. पक्षाघात झाल्यापासून सासूची जीभ जड झाली होती, एक वाक्य बोलायला त्यांना पाणी भरून आणल्याइतके कष्ट पडत, त्यामुळे दिवसभरातून त्या मोजकंच बोलायच्या आणि तेही औषध, ऊन, पोट असल्या कामाचं. तनुजा हे नाव त्यांना आता पुरतं म्हणता यायचं नाही, म्हणून बावीस वर्षांनी ती अचानक तनू झाली होती. बोकड्या म्हणजे हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा. बोटभर लांब, मातकट रंगाचा, अंगावर पुसट पट्टे, डोळ्यांवर भुवयांसारखे दोन तुरे आणि जाडे ओठ. पोहायचा कमीच. दगडावर पुढचे पर टेकून, कोपरांवर रेलून बसल्यासारखा बसायचा आणि एक डोळा इकडं, दुसरा तिकडं फिरवत घरातल्या माणसांवर नजर ठेवायचा. मधूनच टुणकन उडी मारून काचेला चिकटायचा, तिच्यावरचं शेवाळ खरवडून खायचा, आणि खाल्लेल्या जागी ओठांचे गोल ठसे उठायचे. दुकानदारानं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, गवत कापायच्या यंत्राचं. पण द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला दगडावर चरताना पाहिलं आणि "ह्यो तर बोकड हाय" असं जाहीर करून टाकलं. आजारपणानंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या, म्हणून घरात सगळ्यांनी तेच नाव उचललं.

"तुम्ही खा आत्याबाई, गार होतोय," तनुजा म्हणाली आणि उरलेला भात भरवून झाल्यावर टाकीपाशी गेली. काचेला नाक लावलं. मासा दगडावर बसला होता, रोजच्यासारखाच. मग तो कुशीवर जरा वळला आणि तिला दिसलं. डोक्यामागं, जिथं पोट गोल असायला हवं, तिथं बोट रुतवून काढावं तसा खळगा होता. रोज सकाळी ती हीच काच घासत होती, नाक लावण्याइतक्या जवळून, आणि तिला हे दिसलं नव्हतं.

टाकी तनुजाच्या नवऱ्यानं, शिवराजनं आणली होती. सासूला ज्या डॉक्टरांकडं न्यायचे त्यांच्या दवाखान्यात अशीच एक टाकी होती, आणि तिच्यासमोर बसवलं की एरवी वाट बघताना रडणाऱ्या द्वारकाबाई तासभर गप्प राहायच्या. शिवराज आईवेडा माणूस. हर्सूलच्या नव्या बंगल्यात त्यानं दिवाळीआधी समुद्र उभा केला, नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात. मिठाच्या बादल्या आल्या, कुठले कुठले दगड आले, केशरी माशांची एक जोडी आली. जानेवारीत काच हिरवी व्हायला लागली तेव्हा शहागंजातल्या दुकानाचा मालक राजकुमार शेवाळ खाणारा हा मासा घेऊन आला. पण तनुजाला काचेवर डाग बघवायचा नाही. मासा काम करतोय तोवर धीर धरावा एवढी सवड तिच्याकडं नव्हती. राजकुमारनंच दिलेला एक चुंबकाचा ब्रश होता, एक तुकडा आतून, एक बाहेरून, बाहेरचा फिरवला की आतला फिरतो आणि काच लख्ख होते. तिनं तो रोज फिरवला. आधी काच, मग बाही वर सारून जुन्या दातांच्या ब्रशनं दगडसुद्धा. बोकड्याच्या वाटचं काम आपण करतोय एवढंच तिला वाटलं होतं, आणि मासा जरा आळशी निघाला एवढंच.

तिनं राजकुमारला फोन लावला.

"भाभी, वो दाणा खाताच नाय," राजकुमार म्हणाला. "शेवाळ खातो फक्त. काच रोज घासते क्या आप?"

"रोज."

"अरे बाप रे! मग तो खाणार काय? ऐसा करो, पुढची बाजू करा साफ, पण डावी बाजू हिरवी होऊ द्या. हात नका लावू तिला. आठ दिवसांत पोट भरतं बघा त्याचं. नाय तर पालक उकळून टाका पानभर."

"आणि नाही ठेवली हिरवी तर?"

राजकुमार हसला. "मरेगा ना, भाभी. और क्या."

बरं, म्हणून तिनं फोन ठेवला. आणि हे सांगितलंच पाहिजे की त्या घटकेला तिच्या मनात काही नव्हतं. वाईट बायका ओळखू येतात, त्या आदळआपट करतात, शेजारी जाऊन सांगतात. तनुजा त्यातली नव्हती. सासूचं अंग पुसणं, कूस बदलणं, औषधांच्या वेळा, सगळं ती घड्याळ लावल्यासारखी करायची आणि नातेवाइकांत तिचं नाव निघालं की लोक हात जोडायचे. डावी बाजू सोडायची, एवढंच काय ते. तिनं तसं ठरवलंही. मग ती ओलं फडकं घेऊन सासूचं तोंड पुसायला वाकली, आणि फडकं हनुवटीखाली असताना तिच्या लक्षात आलं की ही बाई टाकीपासून आठ फुटांवर बसली आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. समोरच्या कॅलेंडरावरची तारीख हिला वाचता येत नाही. आणि बोटभर माशाच्या पोटातला खळगा हिला दिसला.

दिसणारच. जनावराची भूक द्वारकाबाईंना दिसायचीच. अजिंठ्याच्या अलीकडच्या सासरच्या गावात संध्याकाळी गुरं परत यायची तेव्हा त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, मानही पुरती वर करायच्या नाहीत, आणि गुराख्याला म्हणायच्या, "ढवळी चरली न्हाय आज. कुठं डोळा लागला व्हता तुझा?" गुराखी कान पकडायचा. बरगडीमागचा खळगा भरलेला असला तर जनावर जेवलं, तो बसला असला तर उपाशी, दिसतंच की, असं त्या नव्या सुनेला सांगायच्या. सून कौतुकानं ऐकायची. चोवीस वर्षांची होती, शहागंजातल्या कटलरीच्या दुकानदाराची मुलगी, गुरांचं काहीच ठाऊक नसलेली. माहेरी चार माणसं एका वेळी ताटावर बसायची. सासरी बायका मागून जेवतात हे तिला माहीत होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण द्वारकाबाईंच्या घरात वर आणखी एक शिस्त होती. जेवणं उरकली की खरकटं भांडं घडीभरही घरात राहता कामा नये, लक्ष्मी जाते. पुरुष जेवायचे, गडी जेवायचे, मग द्वारकाबाई बसायच्या आणि सून वाढायची. हात धुऊन उठताना त्या म्हणायच्या, "जरा गोठ्यात वैरण टाकून ये, मग बस निवांत." ती वैरण टाकून, शेणाचे हात धुऊन येईपर्यंत भांडी राखेनं घासून पालथी घातलेली असायची. उरलेली भाकरी गाईला, कालवण कुत्र्याला. "अगं बाई, तुझं राहिलं व्हय? मला वाटलं तू मगाशीच खाल्लंस." रोज नव्हे. रोज केलं असतं तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं. आठवड्यातून चारदा, एखाद्या आठवड्यात पाचदा, आणि मधल्या दिवशी आग्रह करकरून वाढायच्या, वर तूप. एकदा तनुजा सासऱ्यांच्या देखत बोलली, की माझं जेवण व्हायचंय. द्वारकाबाईंनी लगेच विझवलेली चूल पेटवली, पीठ काढलं, परात ओढली, आणि भाकरी थापता थापता डोळ्यांना पदर लावला. सासरे म्हणाले, "सासूला दोनदा चुलीपुढं बसवतेस व्हय गं?" पुन्हा ती बोलली नाही. भूक लागली की पाणी प्यायची, कणगीमागं लपवलेल्या गुळाचा खडा चोखायची. गुळालाही मुंग्या लागल्या एकदा, आणि घरात मुंग्या कशा झाल्या म्हणून द्वारकाबाईंनी कणगीमागचं सगळं स्वच्छ केलं.

शिवराज तेव्हा नोकरीसाठी इकडं शहरात खोली घेऊन राहायचा, शनिवारी गावी यायचा. शनिवारी ती पोटभर जेवायची. मुलगी झाली, संस्कृती; बाळंतपण माहेरी झालं, अडीच महिन्यांनी ती अंगानं भरून सासरी परत आली आणि महिनाभरात दूध आटलं. पोरगी छातीला लागून ओढायची, ओढून ओढून रडायची. द्वारकाबाई तिला उचलून न्यायच्या आणि बोंडल्यानं गाईचं दूध पाजायच्या, फार निगुतीनं, एक थेंब सांडू न देता, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना सांगायच्या, "आमच्या सुनेला दूधच न्हाय बघा. शहरातल्या बायकांचं असंच असतंया." पोरगी आजीची झाली. आज पुण्यात शिकते, फोन करते तो आधी आजीला.

पण एवढं सगळं होऊनही तनुजानं एक गोष्ट जपून ठेवली होती. सासूला हे कळत नव्हतं, ही ती गोष्ट. स्वच्छतेचं वेड असतं काही बायकांना, भांडं पालथं घालेपर्यंत जिवाला चैन पडत नाही, त्या भरात सुनेचं जेवण राहिलं तर राहिलं. जाणूनबुजून नव्हतं ते. सासूशी एका छपराखाली राहायचं, तिचे पाय चेपायचे, तिची शी-शू काढायची, तर असा एखादा समज जवळ असलेला बरा असतो. बावीस वर्षं तो टिकला होता. आणि आता भाताचा चमचा नाकारून या बाईनं तो एका वाक्यात मोडून टाकला. जिला आठ फुटांवरून बोटभर माशाची भूक दिसते, तिला चुलीशेजारी बसलेल्या सुनेची दिसली नव्हती?

तनुजानं फडकं पिळून वाळत घातलं. मग टाकीपाशी आली, ब्रश उचलला आणि डावी बाजू घासली.

पहिल्या दिवशी ती घाईघाईनं घासत होती. चौथ्या दिवशी नाही. तिनं मनाशी एक गोष्ट ठरवली होती आणि ती अगदी रास्त होती: सासूनं फक्त एकदा म्हणावं, मला दिसत होतं. माफी नको, रडणं नको. ते एक वाक्य आलं की डावी बाजू हिरवी. आपण ते मागायचं मात्र नाही. मागून मिळालेल्या भाकरीची चव तिनं एकदा घेतली होती. द्वारकाबाई खुर्चीत बसून बघत राहायच्या, आणि ब्रश काचेवरून फिरत असताना त्यांची नजर आपल्या पाठीवर आहे हे तनुजाला कळायचं. "तनू, राहू दे," त्या एखाद्या दिवशी म्हणायच्या. "घाण दिसते आत्याबाई," ती म्हणायची, आणि आवाज इतका गोड निघायचा की तिचं तिलाच नवल वाटायचं.

मासा शहाणा होता, हे सगळ्यात वाईट. ब्रश फिरला की काचेवरचं उरलंसुरलं काहीतरी सुटून पाण्यात उडतं हे त्याला चार दिवसांत समजलं. मग तनुजा टाकीपाशी आली की तो दगडावरून उठायचा, टुणटुण उड्या मारत ब्रशच्या मागं यायचा, काचेला ओठ लावायचा. काचेतून त्याचं तोंड दिसायचं, कंगव्यासारखे बारीक दात काचेवर ओढले जाताना दिसायचे. काहीच लागायचं नाही त्यांना. तरी तो खरवडायचा, सरकायचा, पुन्हा खरवडायचा. ती ब्रश भराभर फिरवायची, तो दमून मागं राहायचा आणि कोपरांवर टेकून तिच्याकडं बघायचा, एका डोळ्यानं. दुसरा डोळा द्वारकाबाईंकडं. आपल्याला खायला घालणारी बाई हीच, असंच त्याला वाटत असणार. तनुजाला कधी कधी गलबलून यायचं. पण ते स्वयंपाकघरात गेलं की जायचं, आणि दुपारी ताट वाढून घेऊन ती हॉलमध्येच येऊन बसायची, टाकीकडं तोंड करून, आणि सावकाश, दोनदा भात घेऊन जेवायची. एवढी भूक तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पालकाचा प्रकारही झाला. द्वारकाबाईंनी दोन दिवस धोशा लावला, "पाला दे, पाला दे त्याला," तेव्हा शिवराजनंच संध्याकाळी पालक आणला. तनुजानं पान उकळलं, गार केलं, चिमट्यात धरून टाकीत सोडलं. केशरी जोडी आधी आली, तिनं दोन लचके तोडले. बोकड्या लांब कोपऱ्यात होता. त्याला वास लागला असावा. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, थांबत, दम खात, तो निघाला. एवढीशी टाकी, पण त्याला वेळ लागला. पानापासून वीतभर अंतरावर तो शेवटच्या दगडावर टेकला तेव्हा तनुजानं चिमटा वर उचलला. "पाणी नासतं," ती शिवराजला म्हणाली. "राजकुमार म्हणाला होता, जास्त वेळ ठेवायचं नाही." राजकुमार असलं काही म्हणाला नव्हता. शिवराज मोबाईलमध्ये बघत हं म्हणाला. द्वारकाबाई मात्र मासा सोडून तनुजाच्या हाताकडं बघत होत्या, कितीतरी वेळ, आणि तो हात त्यांना ओळखीचा वाटला असला तर नवल नाही.

मार्चअखेरीस शिवराजची आत्या, मनकर्णाबाई, भावजयीला भेटायला आली. टाकीपुढं उभी राहून तिनं तोंडात बोटं घातली. "काच हाय का न्हाय तेच कळना गं बाई! वहिनीच्या घरची शिस्त लागली तुला. वहिनीच्या घरी पातेल्यात त्वांड दिसायचं." तनुजा चहा गाळत होती. शिस्त लागली तुला. तिला वाटलं कुणीतरी मागून येऊन आपल्या अंगावर सासूचं जुनं लुगडं टाकलं. हे खोटं आहे, तिनं स्वतःला बजावलं. माझं कारण आहे. तिचं काय कारण होतं? तिच्याही सासूनं तिला उपाशी ठेवलं असणार, तसंच असतं, बायका जे सोसतात तेच पुढं देतात, हे तिनं टीव्हीवरसुद्धा ऐकलं होतं. म्हणजे सासूचंही कारण होतं, आणि आपलंही आहे. चहात साखर टाकायची राहिली आणि मनकर्णाबाई बिनसाखरेचा चहा निमूट प्याली.

एप्रिल लागला. दुपारी हॉलचे पडदे ओढलेले, पंखा गरागरा फिरतोय, शिवराज ऑफिसात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तनुजानं ब्रश उचलला. बोकड्या उठला नाही. त्याचा रंग उडून तो दगडाहून फिका दिसत होता आणि पोटाच्या जागी आता नुसती घडी होती.

"तनू," द्वारकाबाई म्हणाल्या. "बस कर."

"काय झालं?"

"घासू नको."

"भांडं स्वच्छ असलं म्हणजे लक्ष्मी राहते आत्याबाई. तुम्हीच शिकवलं."

तनुजा पाठमोरी होती. तिनं ब्रश फिरवायला सुरुवात केली आणि मागून आवाज आला, जड, ओढत आणलेला, पण एकेक अक्षर स्पष्ट.

"मला दिसायचं."

ब्रश थांबला.

"तुझी गळ्याची हाडं दिसायची. चोळी ढिली झाली व्हती. पोरीला पाजायला घ्यायचीस तवा डोळं मिटून भिंतीला टेकायचीस. समदं दिसायचं मला."

मिळालं. इतक्या वर्षांनी, न मागता, मोजून मापून जसं हवं होतं तसं. तनुजाला वाटलं होतं की हे ऐकल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल, आपण रडू, नाहीतर ओरडू. काहीच झालं नाही. ती फक्त टाकीच्या कडेला धरून राहिली. एक वाक्य मागितलं होतं, ते आल्यावर दुसरं हवंसं वाटलं.

"मग का?" ती म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिनं स्वतःच ते पुढं केलं, जवळजवळ विनवणी केल्यासारखं. "तुमच्या सासूनं तुम्हाला तसंच केलं असेल."

"न्हाय." द्वारकाबाईंनी मान हलवली. "ती लई चांगली व्हती. लेकीवानी वागवलं मला. आधी मला जेवू घालायची."

"मग?"

म्हाताऱ्या बाईनं खरंच विचार केला. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, अर्धा चेहरा हलत होता, अर्धा नाही. खोटं बोलायचं असतं तर इतका वेळ लागला नसता.

"बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "भांडं पालथं घातलं, की बरं वाटायचं." आणि मग, मीठ बेताचं झालंय का विचारावं इतक्या साध्या आवाजात, "तुला बी वाटतं ना?"

तनुजानं ब्रश चुंबकासकट ओढून काढला आणि खालच्या कपाटात टाकला. शब्द दिला होता, निदान स्वतःला, आणि तो तिनं पाळला. डावीकडचा पडदा सरकवून ऊन येऊ दिलं. टाकीचा दिवा दहा तास ठेवला. तिसऱ्या दिवशी काच तपकिरी झाली, पाचव्या दिवशी हिरवी, आठव्या दिवशी डावी बाजू अशी माजली की पलीकडचं काही दिसेना. शिवराज म्हणाला, "काय हे, तब्येत बरी नाही का तुझी?" ती म्हणाली, राहू द्या, माशाला लागतं. आता तिला तो मासा जगायला हवा होता. दुसऱ्या कशाचंच तिला काही पडलं नव्हतं. तो जगला तर ती द्वारकाबाई नव्हती, इतकं सरळ होतं ते. मग तिचं कारण होतं, रागाचं, दुःखाचं, आणि कारण संपल्यावर ती थांबली होती. तो मेला तर मात्र 'बरं वाटायचं' एवढंच उरत होतं. ती सकाळी उठून आधी टाकीपाशी यायची. पालक उकळायची, पान बोटांत धरून हात कोपरापर्यंत पाण्यात घालायची आणि त्याच्या ओठांपाशी नेऊन ठेवायची. तो ओठ हलवायचा, पान चावायचा नाही. तिनं काचेवरचं हिरवं नखानं खरवडून त्याच्या तोंडापुढं सोडलं. "खा रे," ती म्हणायची, "खा, आता खा ना." देवापुढं दिवा लावताना तिनं एका माशासाठी हात जोडले, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. द्वारकाबाई खुर्चीत बसून बघायच्या. पाला दे म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. जनावराचं पोट कुठवर भरून येतं आणि कुठून पुढं येत नाही, तेही त्यांना दिसत असणार.

एकदाच तो उठला. दहाव्या दिवशी दुपारी, दगडाच्या पायथ्यापासून, सगळं अंग ओढत त्यानं उडी घेतली आणि हिरव्या काचेला चिकटला. तनुजा जागच्या जागी थिजली. त्यानं ओठ लावले, ओढले, आणि हिरव्यात एक स्वच्छ गोल उठला, चार आण्याएवढा. त्या गोलातून तिला पलीकडची भिंत दिसली. ती "आत्याबाई, खाल्लं!" असं जवळजवळ ओरडलीच. मग तो काचेवरून खाली घसरला, वाळूवर टेकला आणि दुसरा गोल उठला नाही. सकाळी तो आडवा होता आणि केशरी जोडी त्याचे डोळे टोचत होती.

तिनं जाळीनं त्याला काढून बशीत ठेवलं. वजनच लागलं नाही हाताला. शिवराज ऑफिसला निघायच्या गडबडीत शर्टाची बटणं लावत बाहेर आला, बशी बघून थांबला आणि आधी त्यानं आईकडं बघितलं, ती रडतेय का म्हणून. द्वारकाबाई रडत नव्हत्या.

"कशानं मेला गं?" त्यानं विचारलं.

तनुजानं तोंड उघडलं. ती सांगणार होती. फक्त माशाचं नव्हे, कणगीमागच्या गुळापासून सगळं, आता या घटकेला, ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे. आपण काय केलं आणि का केलं, आणि का या शब्दाला आता काही अर्थ राहिला नाही, हे कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि ऐकून तिच्या अंगावर ओरडायला हवं होतं. "मी त्याला..." ती म्हणाली.

"वय झालं व्हतं त्याचं," खुर्चीतून आवाज आला. "तनूनं लई केलं. पाण्यात हात घालून घास भरवला तिनं. पोटच्या पोरावानी केलं."

शिवराजचे डोळे भरून आले. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी किती करशील," तो म्हणाला. "आईचं करतेस, ह्या माशांचं करतेस." त्या हाताखाली तनुजा उभी राहिली आणि आठ फुटांवरून सासू तिच्याकडं बघत होती. त्या नजरेत दोष नव्हता, टोमणा नव्हता. एकाच चुलीवर राबलेल्या बाईकडं बघावं तसं त्या बघत होत्या, आपलेपणानं, आणि इतक्या आपलेपणानं त्यांनी तिच्याकडं बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"राजकुमारला सांगतो," शिवराज म्हणाला. "दुसरं काहीतरी घेऊ. कासव वगैरे मिळतं का बघतो."

"तसलाच आण," द्वारकाबाई म्हणाल्या. "तनूला सवय झालीय त्याची."

नको म्हणायचं होतं. नको हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. टाकीच विका, पाणी ओतून द्या, मला यातलं काही नको. शिवराज दारात बूट घालत होता, थांबून तिच्या उत्तराची वाट बघत होता. द्वारकाबाईही वाट बघत होत्या.

"आणा," तनुजा म्हणाली. "पण या वेळी जरा अंगानं भरलेला बघून आणा."